सही कोणी करायची?

पुतण्याला मुलगा झाला, तो अवघ्या तेवीस आठवडे आणि तीन दिवसांनी. वजन ५९० ग्रॅम. पेढ्यांचे नाव कोण काढणार! बाळाच्या घशात श्वासाची नळी होती. ती ठेवायची की काढायची, असे विचारून डॉक्टरांनी कागद पुढे केला. पुतण्या माझ्या तोंडाकडे पाहू लागला. "काका, तुम्हीच सांगा."

लंडनच्या नफील्ड जैवनीती मंडळाने २००६ साली सुचवले होते की, तेवीस ते चोवीस आठवड्यांच्या बाळाबाबत आईबापांच्या इच्छेला अग्रमान द्यावा. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी आठवड्यांच्या जोडीला बाळाची वाढ, मुलगा की मुलगी, एकटे की जुळे, हेही पाहायला सांगितले. पण आईबापांशी बोलणे काही वगळले नाही. आता आईबाप म्हणजे काका नव्हे, एवढे मलाही कळते.

"सूनबाईला विचारलंस का?" मी म्हणालो.

ती वरच्या मजल्यावर. तिला कोणी विचारलेच नव्हते! तिला त्रास नको, म्हणे.

आम्ही वर गेलो. ती म्हणाली, "डॉक्टरांना इथे बोलवा. काय काय होऊ शकतं ते मला ऐकू दे. मग सही आम्ही दोघं करू."

डॉक्टर आले, स्टूल ओढून बसले. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.