वाजंत्र्यांची पंगत शेवटीच का?

लग्नसराई आली. डीजेवाला सांगेल तो आकडा आपण मुकाट मोजतो अन् सनई-संबळवाल्याशी पाचशेसाठी घासाघीस. वर 'कला टिकली पाहिजे' असं स्टेटस!

पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नात क्लेझमर वाजायचं. त्या वाजंत्र्यांनाही मान नव्हताच. १९७० नंतर अमेरिकेत तरुणांनी जुन्या तबकड्या ऐकून ते पुन्हा उचललं. आता तिकीट लावून कार्यक्रम होतात.

आपल्याकडे डफडं जातीनं गळ्यात अडकवलं. बाबासाहेबांच्या हाकेनंतर कित्येकांनी ते उतरवलं, योग्यच केलं. चिखली-मेहकरकडं जे अजून वाजवतात, त्यांच्या पोरांनी ते का शिकावं? मांडवाबाहेर ताटकळून शेवटच्या पंगतीला बसायला?

ठरले तेवढे पैसे द्या, वेळेवर ताट वाढा. अन् पन्नाशीपुढच्या कलावंतांना शासन दरमहा ५,००० रुपये मानधन देतं, गावातल्या वाजंत्र्याचा तेवढा अर्ज भरून द्या मंडळी.