गुलाबजाम गरम होते

गेल्या शनिवारी सकाळी एका मैत्रिणीला फोन केला, म्हटलं चल मिसळ खायला. ती म्हणाली, "नाही रे, आज ट्रेनिंग आहे. बांधकामाच्या नव्या नियमांचं." बाई आर्किटेक्ट आहेत. संध्याकाळी भेटली तेव्हा हातात कापडी पिशवी, पेन, वही आणि एक चकचकीत सर्टिफिकेट. विचारलं, काय शिकलीस? "जेवण छान होतं. गुलाबजाम गरम होते."

हसलो. पण रात्री घरी आलो, गाडी लावली आणि आजूबाजूला बघितलं. खाली नुसते खांब, वर सात मजले. चौथ्यावर आम्ही. आईबाबा, मी आणि अजून सतरा वर्षांचं कर्ज. मग हसू येईना.

कारण सांगतो. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्येही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच अशाच होत्या. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती, त्यामुळे वरचा भाग कडक. खाली पार्किंगसाठी सगळं मोकळं, त्यामुळे तो मजला लेचापेचा. हादरा बसला की सगळी वाकवाकी त्या एकाच मजल्यात होते. २००२ साली भूकंपाच्या भारतीय मानकाची (आयएस १८९३) नवी आवृत्ती आली. तिच्यात एक पर्याय होता : अशा मजल्याचे खांब आणि तुळया हिशेबापेक्षा अडीचपट बलासाठी डिझाइन करा. २०१६ च्या आवृत्तीने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की मोकळ्या मजल्याचा कडकपणा आणि ताकद दोन्ही वाढवा, उदाहरणार्थ काही गाळ्यांत आरसीसी भिंती किंवा ब्रेसिंग घालून.

आता बघा गंमत. पार्किंगमध्ये भिंत आली की एखाद-दोन गाड्यांची जागा गेली. म्हणजे हा बदल फक्त स्ट्रक्चरल इंजिनियरचा राहत नाही, तो पहिल्या स्केचपासून आर्किटेक्टचा होतो. मैत्रिणीला विचारलं, ट्रेनिंगमध्ये हे होतं का? "शेवटी वीस मिनिटं होतं. तोवर निम्मे लोक निघाले होते." मग दिवसभर काय केलं? एफएसआय, टीडीआर, प्रीमियम, सामासिक अंतरं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला एकच विकास नियमावली लागू झाली. तिच्यातून जास्तीत जास्त चौरस फूट कसे काढायचे, हा खरा अभ्यासक्रम. क्लायंट त्याचेच पैसे देतो हो, मान्य. पण मग त्याला सुरक्षेचं प्रशिक्षण तरी म्हणू नका.

आमच्या धंद्यात नवी आवृत्ती आली की पहिला प्रश्न असतो : काय बदललं? दुसरा : का बदललं? तिसरा : त्यामुळे आपलं काय काय मोडेल? कलमं ओळीने वाचून दाखवणाऱ्या माणसाला आम्ही दहाव्या मिनिटाला थांबवतो. इथे मात्र सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी सर्टिफिकेट. शेवटी एक प्रश्नपत्रिकासुद्धा नाही!

"तुम्ही काय शहाणपणा शिकवता, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ढिगाने बग असतात," असं ती म्हणालीच. खरंय. पण आमचा बग सापडला की पॅच जातो. इमारत मजबूत करायचं तंत्रही आहे म्हणा, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याचे पैसे जमवून दाखवा. लिफ्टच्या रंगावरून आमच्याकडे तीन मीटिंगा झाल्यात.

बाहेर बघा. अमेरिकेत एआयए ही संस्था सभासदांकडून वर्षाला १८ शिक्षण-एकक मागते, त्यातली १२ आरोग्य, सुरक्षा आणि लोककल्याणाची. ब्रिटनच्या आरआयबीएचा नियम वर्षाला ३५ तासांचा. आपल्या १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यात नोंदणी टिकवायला फी भरा म्हटलंय. नवं शिकून दाखवा अशी अट त्यात नाही.

तासांची सक्ती झाली तर गुलाबजाम वाढतील, एवढंच, असंही कुणी म्हणेल. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. बदललेल्या कलमांवरच बोला. प्रत्येक कलमामागची पडलेली किंवा जळालेली इमारत दाखवा. सगळ्यांना एक नकाशा द्या, त्यातल्या चुका शोधायला लावा, आणि नापास होणाऱ्याला सर्टिफिकेट देऊ नका. छोट्या ऑफिसांना शनिवार परवडत नसेल तर ते पालिकेने फुकट घ्यावं.

असो. सोमवारी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आमच्या इमारतीचे स्ट्रक्चरल नकाशे मागितलेत. काका म्हणाले, "कशाला हवेत?" तुम्हीही मागून बघा.