कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?



संध्याकाळी धाकटी डहाणूच्या खाडीवर गेलात, तर बोटींची डागडुजी चाललेली दिसते. कोणी इंजिन उघडून बसलेला असतो, कोणी फाटलेले जाळे सांधत असतो. बोटीवर कोणते जाळे न्यायचे, इंजिनाचा कोणता भाग बदलायचा, हे बोटीचा मालक ठरवतो. त्यासाठी तो बोट बांधणाऱ्या सुताराची परवानगी मागत नाही. पैसे चुकते केले, बोट ताब्यात आली, की ती त्याची झाली.

आता दुसरे उदाहरण पाहा. माझ्या वर्गातील एका मुलाने एकदा विचारले, “सर, माझ्या मामूंनी दुबईहून गेम कन्सोल आणला आहे. त्याच्या आत संगणकच असतो म्हणतात. मग मी लिहिलेला प्रोग्राम त्यावर का चालत नाही?”

प्रश्न साधा होता, पण मला विचार करायला लावणारा होता.

गेम कन्सोल हा खरोखर संगणकच आहे. मात्र त्याला कुलूप लावलेले असते. ‘कुलूप’ हा मराठी शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आला. उर्दूत तुम्ही तो वाचलाच असेल. हे कुलूप लोखंडाचे नसते. प्रत्येक खेळावर कंपनीची एक गुप्त सांकेतिक सही असते. यंत्र आधी ती सही तपासते. सही नसेल, तर प्रोग्राम कितीही चांगला असो, यंत्र तो चालवत नाही.

परंतु एका कंपनीने एकदा हे दार स्वतःहून थोडे उघडे ठेवले होते. सोनी या जपानी कंपनीने २००६ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’ हा कन्सोल बाजारात आणला. त्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याची सोय होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची सर्व कामे सांभाळणारा मुख्य प्रोग्राम. अनेकांनी त्या कन्सोलवर लिनक्स ही सर्वांना खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टीम बसवली आणि खेळण्याचे यंत्र अभ्यासाचे यंत्र झाले.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेत तेव्हा शिकवणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७ मध्ये असे आठ कन्सोल एकमेकांना जोडले आणि त्यांवर कृष्णविवरांची गणिते सोडवली. महागडा महासंगणक वापरण्याची गरज राहिली नाही. पुढे त्यांनी शेकडो कन्सोल एका शीत-कंटेनरमध्ये मांडले. आपल्याकडे मासळी बर्फात ठेवतात, तसे त्यांनी तापणारे संगणक थंड ठेवले! अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर २०१० मध्ये १,७६० कन्सोल जोडून मोठा महासंगणक उभा केला.

अनेक लहान प्रोसेसर जोडून मोठे काम करण्याची ही युक्ती आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. भारताला परदेशातून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये याच तत्त्वावर ‘परम ८०००’ तयार केला. ज्याच्याजवळ महाग साधन नाही, तो हाताशी असलेल्या साधनातून वाट काढतो. मात्र ते साधन आपल्या मर्जीप्रमाणे वापरता आले पाहिजे.

१ एप्रिल २०१० रोजी सोनीने ‘प्लेस्टेशन ३’मधील ही सोय काढून टाकली. कंपनीने सुरक्षिततेचे कारण दिले. जॉर्ज हॉट्झ या अमेरिकन तरुणाने त्याच वर्षी जानेवारीत याच सोयीचा आधार घेऊन यंत्राचे आतील संरक्षण भेदले होते. ग्राहकांपुढे दोनच मार्ग उरले. सोय टिकवायची असेल, तर नवे सॉफ्टवेअर घ्यायचे नाही; पण मग इंटरनेटवरून खेळता येणार नाही आणि नवे खेळही चालणार नाहीत. पैसे दोन्हींसाठी दिले होते, हाती मात्र एकच राहिले. ग्राहक न्यायालयात गेले. आठ वर्षांनी, २०१८ मध्ये, तडजोडीने भरपाई मंजूर झाली.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. कन्सोल बऱ्याचदा फार थोड्या नफ्यावर किंवा तोट्यातही विकला जातो आणि खरी कमाई खेळांच्या विक्रीतून होते. कुलूप मोडले, की खेळांच्या चोरट्या प्रती निघतात. खेळ तयार करणाऱ्यांच्या कष्टाचे मोल बुडते. ही चोरीच आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण ज्या कामाला कायद्याची मनाई नाही, त्या कामाच्या आड हे कलम येत नाही. चोर आणि विद्यार्थी यांतला फरक आपल्या कायद्याने ओळखला आहे.

माझे मत असे आहे. कंपनीने आपल्या खेळांना खुशाल कुलूप लावावे. तो तिचा हक्क आहे. पण विकताना दिलेली सोय नंतर काढून घेणे हा करारभंग आहे. शिवाय त्याने चोरी थांबत नाही. ‘प्लेस्टेशन ३’ची सोय काढून वर्षही झाले नाही, तोच त्याचे उरलेले कुलूपही मोडले गेले. आणि एखाद्या जुन्या कन्सोलसाठी कंपनी नवे खेळ काढणे बंद करते, तेव्हा तरी तिने किल्ली मालकाच्या हाती द्यावी. आज असे चांगले चालणारे कन्सोल कपाटात धूळ खात पडतात किंवा भंगारात जातात. ज्या घरात संगणक नाही, तिथे त्यांवर एखादा मुलगा किंवा मुलगी प्रोग्राम लिहायला शिकू शकेल.

मामूंच्या कन्सोलबद्दल विचारणाऱ्या त्या मुलाला मी म्हणालो, “बेटा, चोरीसाठी कुलूप तोडू नकोस. पण ‘हे माझे आहे, तर किल्ली माझ्याकडे का नाही?’ हा प्रश्न विचारणे कधी सोडू नकोस.”

‘मालक’ आणि ‘हक्क’ हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. त्यांचा अर्थही दोन्ही भाषांत एकच आहे. तो यंत्रांच्या दुनियेत मात्र बदलू नये.