विमानात बसण्यापूर्वीच ऑनलाइन सीमाशुल्क घोषणा भरण्याची सोय परिपूर्ण व बंधनकारक करण्याबाबत निवेदन

नाशिक, दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ,
नवी दिल्ली

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नाशिक

संदर्भ : (१) सीमाशुल्क अधिनियम, १९६२, कलम ७७, (२) बॅगेज नियम, २०१६, (३) सीमाशुल्क बॅगेज घोषणा विनियम, २०१३

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नाशिक शहर व जिल्ह्यातील रहिवासी आहोत. आमच्यापैकी बहुतेकांची मुले परदेशात नोकरीला आहेत आणि वर्षा-दोन वर्षांतून त्यांच्याकडे आमची फेरी होते. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडचे काही द्राक्ष बागायतदार आहेत, मालेगावचे आखाती देशांत काम करणारे कारागीर आहेत. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेलेही काही जण आहेत. त्यांनी परदेशातून येताना कागदी फॉर्म गुडघ्यावर ठेवून भरण्याचा काळ पाहिलेला आहे. ओझरहून देशांतर्गत विमाने उडतात, पण परदेशातून परतणारा नाशिककर बहुतेक वेळा मुंबईलाच उतरतो, आणि तिथून कसारा घाट चढून घरी येतो. अमेरिकेची आणि आखाताची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात. बाहेर नाशिकहून आलेली गाडी ताटकळत असते, आणि आत सत्तरीतले आई-वडील सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहून हिरव्या वाटेने जायचे की लाल, याचा विचार करत असतात.

तो निर्णय त्यांनी त्या जागी, त्या वेळी का करावा, हा आमचा प्रश्न आहे.

कायदा स्पष्ट आहे. कलम ७७ प्रमाणे सामानात काय आहे ते प्रवाशाने स्वतः सांगायचे. ज्याच्याकडे शुल्कपात्र किंवा निर्बंधित वस्तू आहेत त्यानेच फॉर्म भरायचा, बाकीच्यांनी सरळ बाहेर पडायचे, अशी सुधारणा २०१६ मध्ये झाली, ती चांगलीच झाली. पण शुल्क लागते की नाही हे ठरवणे सोपे राहिलेले नाही. उदाहरण देतो. समजा, मुलाने आईला नव्वद हजारांचा फोन घेऊन दिला. २०१६ च्या नियमांप्रमाणे तिची सवलत पन्नास हजारांची. उरलेल्या चाळीस हजारांवर पस्तीस टक्के मूळ शुल्क आणि त्यावर दहा टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. हिशेब १५,४०० रुपयांचा. सोबत वडील आहेत, त्यांच्याकडे काहीच नाही, तरी त्यांची सवलत आईच्या फोनला जोडता येत नाही. लॅपटॉप मात्र प्रत्येक प्रौढाला एक माफ. सपाट पडद्याचा टीव्ही असेल तर त्याला पन्नास हजारांची सवलतच नाही. हे सगळे आम्ही वाचून, विचारून शिकलो. पंधरा-वीस तासांच्या प्रवासानंतर रात्री दोन वाजता ट्रॉली धरून उभ्या असलेल्या माणसाला ते आठवेल, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

दागिन्यांची गोष्ट याहून बिकट आहे, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो. आमच्यातील एक गृहिणी लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशात सहा महिने राहून आल्या. अंगावर मंगळसूत्र आणि लग्नातल्या दोन पाटल्या. देशातल्या एका विमानतळावर त्यांना विचारले गेले की हे सोने इथूनच नेले होते याचा पुरावा काय. पुरावा म्हणजे पावती. चाळीस वर्षांपूर्वी गावच्या सोनाराने घडवून दिलेल्या पाटल्यांची पावती कुणाकडे असते? शेवटी लग्नातला एक फोटो मुलाने फोनवर शोधून पाठवला आणि सुटका झाली. त्यांना कुणी अपशब्द बोलले नाही, हेही नमूद करतो. पण बाकीचे प्रवासी बघत असताना बाईने पाटल्या उतरवून टेबलावर ठेवायच्या, हा प्रसंग टाळण्याजोगा होता.

यावर उपाय नियमांत आहे. जाताना दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. आमच्यातील फार थोड्यांना हे माहीत होते, आणि माहीत असलेल्यांपैकीही विमान सुटण्याच्या घाईत कुणी त्या खिडकीपर्यंत पोहोचले नाही. २०१६ च्या नियमांतील 'वैयक्तिक वापराच्या वस्तूं'च्या व्याख्येतून दागिने वगळलेले असल्याने अंगावरचे जुने सोनेही वादात सापडते. दिल्ली उच्च न्यायालयाने अलीकडे अशा अनेक प्रकरणांत वापरातल्या दागिन्यांच्या बाजूने निर्णय दिले आहेत आणि नियमांचा फेरविचार करण्यासही सांगितले आहे. परदेशात वर्षाहून अधिक राहिलेल्यांसाठी २०१६ च्या नियमांत जी सवलत दिली तिचाही हिशेब पुढे जुळेनासा झाला. पुरुषाला २० ग्रॅम, पण किंमत पन्नास हजारांपर्यंत. स्त्रीला ४० ग्रॅम, पण एक लाखापर्यंत. नियम आले तेव्हा दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता. आज तो लाखाच्या पुढे आहे. म्हणजे कागदावर २० ग्रॅम लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात पाच ग्रॅमही बसत नाही. नाशिकच्या सराफ बाजारात कुणालाही विचारा, पाच ग्रॅममध्ये जेमतेम एक अंगठी होते.

मंडळाने या दिशेने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी मा. अर्थमंत्र्यांनी 'अतिथी' ॲप जाहीर केले. विमानात बसण्यापूर्वीच शुल्कपात्र वस्तू आणि चलन यांची घोषणा फोनवरून करता यावी, हाच त्यामागचा हेतू होता. त्याला सहा वर्षे झाली. आमच्या बैठकीत ज्यांनी त्याचे नाव ऐकले होते त्यांचाही एकच प्रश्न होता : भरून पाठवल्यावर पुढे काय? उत्तर येणार का? शुल्क किती ते कळणार का? काउंटरवर पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही ना? प्रामाणिकपणे लाल वाटेने जाणाऱ्याला शेवटी रांगच मिळणार असेल, आणि न बोलता हिरव्या वाटेने गेलेला तोवर ठाण्याच्या पुढे पोहोचणार असेल, तर लोक काय शिकतील हे सांगायला नको.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, घरून भरलेली घोषणा दोन्ही बाजूंना बांधणारी असावी. प्रवाशाने विमान सुटण्याच्या तीन दिवस आधीपासून वस्तूंची यादी, खरेदीच्या पावत्या आणि फोटो ऑनलाइन द्यावेत. यंत्रणेने सवलत वजा करून शुल्काचा आकडा कळवावा. प्रवाशाने तिथेच पैसे भरावेत आणि क्यूआर कोड असलेली पावती दाखवून वेगळ्या खिडकीवरून बाहेर पडावे. अशा घोषणेला कलम ७७ खालील घोषणा म्हणून निःसंदिग्ध मान्यता २०१३ च्या विनियमांतच लिहून द्यावी. तपासणीचा अधिकार अर्थातच आपला आहे. सामान स्कॅन करा, शंका आली तर उघडा. पण ज्याने आधीच सांगितले आहे, त्याच्या आणि आपल्या मूल्यांकनात फरक पडला तर फरकाचे शुल्क घ्यावे. त्याच्यावर वस्तू दडवल्याचा आरोप ठेवून जप्ती आणि दंडाच्या कलमांकडे जाऊ नये. सोने लपवून आणणाऱ्यांची गय करावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उलट, सांगणारे आधीच वेगळे झाले तर आपल्या अधिकाऱ्यांना न सांगणाऱ्यांकडे पाहायला जास्त वेळ मिळेल.

हे अशक्य नाही. सिंगापूरला प्रवासी येण्यापूर्वीच ऑनलाइन घोषणा करून कर भरतो आणि हिरव्या वाटेने निघून जातो. कॅनडात ७२ तास आधी घोषणा पाठवता येते, जपानमध्ये क्यूआर कोड दाखवला की काम होते. आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पाहुण्यांसाठी ई-अरायव्हल कार्ड सुरू झाले आहे, आणि नोंदणी केलेल्या भारतीयांना मुंबईसह काही विमानतळांवर इमिग्रेशनचे जलद दरवाजे जानेवारी २०२५ पासून खुले झाले आहेत. पासपोर्टचे काम काही सेकंदांत आटोपते आणि मग माणूस सामानाच्या दालनात अडकतो.

दुसरी मागणी निर्यात प्रमाणपत्राची. ते जाण्यापूर्वी ऑनलाइन मागता यावे. दागिन्यांचे फोटो, वजन आणि मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला घरून जोडावा, विमानतळावर फक्त पडताळणी व्हावी, आणि ते प्रमाणपत्र पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेले राहावे म्हणजे परतताना कागद शोधावा लागणार नाही. जुन्या दागिन्यांसाठी पावतीचा आग्रह धरू नये. याच ओघात दागिन्यांच्या सवलतीतील किमतीची अट काढून फक्त वजनाची ठेवावी, अशीही विनंती आहे.

ही सगळी सोय मराठीत असावी. आमच्यातील कित्येक जण फोनवरून वीजबिल आणि घरपट्टी भरतात. त्यांचे अडते ते फक्त इंग्रजी शब्दांच्या अर्थापाशी. ज्याला फोन जमत नाही त्याच्यासाठी मुलाने किंवा नातवाने परदेशातून अर्ज भरला तरी तो ग्राह्य धरावा.

बागायतदारांची एक वेगळी अडचण आहे. परदेशातल्या बागा पाहायला गेलेला शेतकरी येताना छाटणीच्या चांगल्या कात्र्या आणतो, त्यात काही वावगे नाही. कुणी हौसेने नव्या वाणाच्या दोन काड्या पिशवीत घालतो, ते मात्र वावगे आहे. झाडे, काड्या, बियाणे यांना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाची बंधने आहेत, आणि त्यामागे रोग-किडींची खरी भीती आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'काड्या' असे लिहिताच हे आणू नका, असा इशारा तिथल्या तिथे मिळाला, तर काडी परदेशातच राहील आणि जप्तीचा प्रसंग येणार नाही. आज हे त्याला इथे उतरल्यावर कळते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. पुढचे वर्षभर परदेशस्थ मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने इकडे येतील. ही व्यवस्था त्याआधी किमान मुंबईत सुरू व्हावी आणि तिची माहिती नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातही लावावी.

आम्ही आंदोलनाचा इशारा देत नाही. आमच्यापैकी अनेकांच्या वयाला ते झेपणारेही नाही. या मागण्यांवर मंडळाने काय ठरवले, आणि जे शक्य नाही ते का शक्य नाही, हे तीस दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
नाशिक शहर व जिल्ह्यातील प्रवासी नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. खासदार, नाशिक व दिंडोरी लोकसभा मतदारसंघ
मा. प्रधान आयुक्त, सीमाशुल्क (विमानतळ), मुंबई