मुक्काम पाड्यावर करा

पावसाळा सुरू झाला की जव्हारला राहायला कुठे बरं, अशी विचारणा सुरू होते. पहिल्यांदाच आणि एसटीने येणार असाल, तर जव्हार गावातच उतरा. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट जवळ पडतात आणि दाभोसा धबधब्याला जायला गाडी ठरवता येते. पण दोन रात्री असतील, तर दुसरी एखाद्या पाड्यावर, आदिवासी कुटुंबाच्या घरी काढा. चुलीवरची नागलीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, आणि तांदळाच्या पिठाने भिंतीवर वारली चित्रं ज्या हातांनी काढली त्यांच्याशीच बोलता येतं. शिवाय राहण्या-जेवणाचे पैसे त्याच घरात पडतात. भात-नागलीची कामं आटोपली की इथली कुटुंबंच्या कुटुंबं मजुरीसाठी गाव सोडतात. तिथे घरबसल्या मिळालेल्या चार पैशांचं मोल फार मोठं आहे. आधी फोन करून जा, किती माणसं जेवणार ते सांगा आणि दरात घासाघीस करू नका. उन्हाळ्यात शेजारच्या मोखाडा तालुक्यात जाणार असाल, तर पाणी जपून वापरा. मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, तरी इथल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकर पाहुण्याने तर हे कधीच विसरू नये.