वायफायच्या डब्याची किल्ली कुणाच्या हाती?



चाळीत, पुनर्वसनाच्या इमारतीत, गावाकडच्या वस्तीत आता घरोघरी वायफायचा डबा दिसू लागला आहे. घरातल्या चार मोबाईलवर चार मोठे रिचार्ज मारण्यापेक्षा एकच जोडणी घेतलेली बरी, असा हिशेब घरातली बाई करते आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. मुलीचा अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, स्पर्धा परीक्षेचे हॉलतिकीटही मोबाईलवर. तेव्हा हा डबा आता चैनीची वस्तू राहिलेला नाही.

परंतु तो घरात येतो कसा, ते पाहा. कंपनीचा मुलगा येतो, भिंतीला भोक पाडतो, वायर आत घेतो, डबा टांगतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. जाताना पासवर्ड सांगतो. तोही त्यानेच ठेवलेला. कधी आपलाच मोबाईल नंबर, कधी आपल्या नावापुढे एक-दोन-तीन. पैसे आपण भरायचे, कागदावर सही आपली, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात! ही किल्ली आपल्या हाती कशी घ्यावी, तेवढेच आज पाहू. यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. घरातल्या दहावीच्या मुलीला सोबत घेऊन बसलात तरी तासाभराचे काम आहे.

नाव आपले, जबाबदारीही आपली

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तो कोठून निघाला याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला एका घरी पोहोचले. तेथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या वायफायला नीट कुलूप नव्हते आणि त्याचाच फायदा घेऊन दुसऱ्याच कोणी तो ईमेल धाडला होता. पुढे त्याचा या कटाशी संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. पण तोवर चौकशीला तोंड त्यालाच द्यावे लागले. त्यानंतर २००९ साली मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि दूरसंचार विभागानेही वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या.

यातला मुद्दा साधा आहे. आपल्या डब्यावर दहा मोबाईल जोडलेले असोत, बाहेरच्या जगाला ते सारे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. तो पत्ता ज्याच्या नावावर, पोलीस प्रथम त्याच्याच दारात येणार. आपण निर्दोष असलो तरी रोजंदारीच्या माणसाचे दोन दिवस पोलीस ठाण्यात गेले की दोन दिवसांची मजुरी बुडते आणि वस्तीत चर्चा होते ती वेगळीच. म्हणून कुलूप हवे.

किल्ल्या दोन असतात

बहुतेकांना एकच पासवर्ड ठाऊक असतो, तो म्हणजे मोबाईल वायफायला जोडताना टाकायचा. ही दाराची किल्ली झाली. पण डब्याला स्वतःची आणखी एक किल्ली असते. तिने डब्याच्या आत शिरून दाराची किल्लीच बदलता येते, कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे ते ठरवता येते. ही दुसरी किल्ली कारखान्यातून येते तेव्हा पुष्कळदा सर्वांची सारखीच असते. नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. नव्या डब्यांवर वेगळा पासवर्ड छापलेला असतो, पण तोही डब्याच्या पाठीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा.

ही किल्ली परक्याच्या हाती गेली तर काय होते? ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास चोरट्यांनी लाखो घरांतल्या अशा डब्यांत शिरून आतली मांडणी बदलली. लोक आपल्या बँकेचे नाव टाकत, पण उघडे दुसरेच, बँकेसारखे दिसणारे खोटे पान. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने तर कारखान्यातून आलेले साठेक ठराविक पासवर्ड एकामागून एक वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ज्यांनी पासवर्ड बदलला होता, त्यांच्या घरात तो या वाटेने शिरू शकला नाही.

आता कृती. डब्याच्या खाली किंवा पाठीवर चिठ्ठी असते. तिच्यावर वायफायचे नाव, पासवर्ड आणि १९२.१६८.१.१ असा एक आकड्यांचा पत्ता दिसेल. आकडे थोडे वेगळेही असू शकतात. मोबाईल आपल्या वायफायला जोडून, क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकावा. डब्याचे पान उघडेल. काही कंपन्यांचे त्यासाठी वेगळे ॲप असते. आत गेल्यावर पाच कामे करावीत.

१. डब्याचा स्वतःचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड बदलावा.

२. वायफायचे नाव आणि पासवर्ड बदलावा. नावात आडनाव आणि खोली नंबर नको, कारण ते नाव रस्त्यावरच्या माणसालाही दिसते.

३. सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावे. ‘ओपन’ म्हणजे उघडे दार. ‘डब्ल्यूईपी’ हे जुने कुलूप २००१ सालीच फुटले आहे, ते घेऊ नये.

४. ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेली सोय बंद करावी. पासवर्ड न टाकता जोडून घेण्याची ही मागची वाट आहे.

५. ‘फर्मवेअर अपडेट’ दिसल्यास ते करून घ्यावे. चालू असताना डबा बंद करू नये.

पासवर्ड बदलला की घरातले सगळे मोबाईल एकदा तुटतील. घाबरू नये. नवा पासवर्ड टाकला की पुन्हा जोडले जातात. कंपनीने आतले पानच बंद ठेवले असेल तर ग्राहक सेवेला फोन करून त्यांच्याकडून हे करून घ्यावे. तो ग्राहकाचा हट्ट नव्हे, हक्क आहे.

पासवर्ड कसा असावा?

येथे थोडे मोकळेपणाने बोलतो. आपल्या घरात पासवर्ड ठेवायचा म्हटले की पहिल्यांदा सुचते ‘जयभीम’ आणि पुढे १४०४ किंवा १९५६. मनातला आदर समजतो, पण या तारखा वस्तीतल्या लहान पोरालाही तोंडपाठ आहेत. जो पासवर्ड शेजारचा मुलगा दुसऱ्या प्रयत्नात ओळखेल, तो पासवर्डच नव्हे. मुलाचे नाव, मोबाईल नंबर, गाडीचा नंबर यांचेही तसेच.

पासवर्ड निदान आठ अक्षरांचा असावाच लागतो. आपण बारा-पंधरा अक्षरांचा ठेवावा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द घ्यावेत, उदाहरणार्थ पिंप, सायकल, डोंगर. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहून शेवटी एखादा आकडा जोडावा. लक्षात राहतो आणि ओळखता येत नाही. मात्र येथे छापलेलाच घेऊ नका! दोन्ही किल्ल्यांचे पासवर्ड वेगवेगळे ठेवावेत आणि रेशनकार्ड जेथे ठेवतो तेथे वहीत लिहून ठेवावेत. भिंतीवर खडूने लिहू नयेत.

शेजारधर्म आणि कुलूप

“ताई, जरा पासवर्ड द्या ना, पोराचा फॉर्म भरायचाय.” दारात उभ्या असलेल्या शेजारणीला नाही म्हणणे आपल्याला जमत नाही आणि जमूही नये. आपली मुले शिकली ती अशीच, कोणाच्या तरी ओट्यावरच्या दिव्याखाली. पण दिवा देणे वेगळे आणि घराची किल्ली देणे वेगळे.

यावर उपाय आहे. बऱ्याच डब्यांत ‘गेस्ट नेटवर्क’, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय चालू करता येते. त्याचा पासवर्ड वेगळा. पाहुण्याचे काम झाले की ते बंद करावे. आपला मूळ पासवर्ड कोणाला कळत नाही आणि शेजाऱ्याचे कामही अडत नाही. ही सोय नसेल तर त्या मुलाला आपल्या घरात बसवून फॉर्म भरून द्यावा. एका जोडणीवर तीन घरे कायमची चालवून पैसे वाटून घेणे मात्र टाळावे. बहुतेक कंपन्यांच्या करारात त्याला मनाई असते आणि काही वावगे घडले तर नाव एकाच घराचे येते.

आणखी एक. मोबाईलमध्ये वायफाय ‘शेअर’ केले की काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र येते. त्या चित्रात पासवर्डच दडलेला असतो. त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरला की किल्ली गावभर झाली. महिन्यातून एकदा डब्याच्या पानावर ‘कनेक्टेड डिव्हाइस’ची यादी पाहावी. घरात पाच मोबाईल आणि यादीत नऊ दिसले तर पासवर्ड बदलायची वेळ आली.

मुले आणि रात्रीचे अकरा

पुष्कळ डब्यांत वेळ ठरवता येते. रात्री अकरा ते सकाळी सहा अमुक मोबाईलला वायफाय बंद, असे. सोय चांगली आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. अलीकडचे मोबाईल आपली ओळख बदलून जोडले जातात, त्यामुळे डब्याला तोच मोबाईल नवा वाटतो. शिवाय मुलाच्या सिममध्ये डेटा असेल तर डब्याचे कुलूप काय कामाचे? तेव्हा नियम सर्वांना सारखा करावा. झोपताना आई-वडिलांसह सगळ्यांचे मोबाईल एका फळीवर. वडील स्वतः पांघरुणात रील पाहत असतील तर मुलाला सांगण्याचा अधिकार राहत नाही.

डबा कोठे ठेवावा?

डबा दाराजवळ जमिनीवर किंवा लोखंडी कपाटामागे ठेवला तर वायफाय आतल्या खोलीत पोहोचत नाही. धातू आणि पाणी लहरी अडवतात. म्हणून स्टीलच्या भांड्यांची मांडणी, फ्रिज, पाण्याचे पिंप यांपासून दूर, घराच्या मध्यावर, डोक्याइतक्या उंचीवर डबा टांगावा. डब्यात दोन पट्टे असतात. ‘२.४’ लांब आणि भिंतीपलीकडे जातो, पण वेग कमी. ‘५’ वेगवान, पण भिंतीने अडतो. पोटमाळ्यावर अभ्यास करणाऱ्या मुलीला पहिला, डब्यासमोरच्या टीव्हीला दुसरा.

फायबरची पातळ वायर काटकोनात मुडपू नये, तिच्यावर खिळा ठोकू नये. तुटल्यास उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये; आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला तर दोष सहसा बाहेरच्या वायरीत असतो. अशा वेळी टाचणीने ‘रीसेट’चे भोक दाबू नका. त्याने कंपनीने भरलेली सारी माहिती पुसली जाऊ शकते आणि एकाऐवजी दोन तक्रारी होतात. नेहमीच्या अडचणीत डबा बंद करून मिनिटभराने चालू करावा, तेवढे पुरते.

विजेची चिंता नको. डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिले असेल तर तो जास्तीत जास्त १२ वॅट खातो. दिवसरात्र चालला तरी महिन्याला नऊ युनिटच्या आत.

पैसे आणि पावती

जाहिरातीत ३९९ रुपये लिहिलेले असले तरी त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७० रुपये ८२ पैसे होतात. ‘४० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हे, तर ५ एमबी. डब्याची अनामत घेतली असेल तर पावती मागून घ्यावी. भाड्याची खोली सोडताना डबा परत केल्याचीही पावती घ्यावी आणि जोडणी आपल्या नावावरून बंद करून घ्यावी. आपल्या मागे नवा भाडेकरू आपल्याच नावावर इंटरनेट वापरत राहिला असे होऊ नये. तक्रार केली की तिचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान झाले नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

एक मात्र ध्यानात ठेवा. डब्याला कुलूप लावले म्हणून फसवा फोन थांबत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

येत्या रविवारी दुपारी टीव्ही तासभर बंद ठेवा. घरातल्या सर्वांनी डब्याभोवती बसून त्या पाच गोष्टी करा आणि त्या आईलाही येतात की नाही ते पाहा. पासवर्ड घरातल्या एका पुरुषालाच ठाऊक असेल तर किल्ली अजून घराच्या हाती आलेली नाही.