पाकिटामागचा जीव



आपल्या शिळफाट्याच्या दुकानांत आता बिस्किटांशेजारी कुत्र्या-मांजरांच्या खाण्याची पाकिटंही दिसतात. पाकीट उलटून आपण पहिलं बघतो, आत मांस आहे का. ते बघायलाच हवं. पण श्राविकेने आणखी एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं: हे खाणं आधी कोणत्या जिवाला खाऊ घालून पाहिलं, आणि त्याला कसं ठेवलं होतं?

अमेरिकेतल्या ‘आफ्को’ संस्थेच्या निकषांचा उल्लेख आपल्याकडच्या पाकिटांवरही असतो. मोठ्या कुत्र्यांच्या खाण्याची चाचणी त्यात अशी असते: किमान ८ कुत्री, २६ आठवडे फक्त तेच खाणं, मग वजन आणि रक्ताची तपासणी. ऐकायला यात क्रूर काही नाही. खाऊ घालणं म्हणजे हिंसा नव्हे. प्रश्न आहे तो या २६ आठवड्यांत ती राहतात कुठे आणि कशी, याचा.

पहिल्या अणुव्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारणं, अंग कापणं, जादा ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. २००३ साली ‘पेटा’ने आयम्स कंपनीसाठी चाचण्या करणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेतलं छुपं चित्रण बाहेर आणलं. कुत्री पिंजऱ्यांत कोंडलेली होती, आणि त्यांच्या मांडीचे स्नायू कापून घेतल्याचा आरोप होता. पुढे कंपनीने त्या प्रयोगशाळेशी संबंध तोडले. बंध आणि छविच्छेद म्हणजे काय, हे याहून वेगळं समजावून सांगायला नको.

मग चाचण्या बंदच कराव्यात का? इथे थांबून विचार करावा लागतो. विकतचं खाणं खाणाऱ्या मांजरांची हृदयं निकामी होत होती, त्याचं कारण खाण्यात कमी पडणारं टॉरिन आहे, हे १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार खूपच कमी झाला. म्हणजे न तपासलेल्या खाण्यानेही जीव जातात.

हे आपल्यालाही लागू आहे. टॉरिन मांसात असतं, डाळभातात नसतं. ‘आमची मांजर शाकाहारी’ असं कौतुकाने सांगणाऱ्या घरात एक चाचणीच चालू असते, फक्त तिथे कुणी रक्त तपासत नाही. मांजराला जे लागतं ते देणं मनाला पटत नसेल, तर मांजर न पाळणं हाच धर्म. पाळून अर्धपोटी ठेवणं हा अन्नपाननिरोध.

१८३४ साली मुंबईत पांजरपोळ उभी राहिली, ती कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून झालेल्या दंग्यानंतर. शेठ मोतीशांचा त्यात मोठा वाटा होता. मुक्या जिवाची बाजू घेणं आपल्याला नवीन नाही.

म्हणून पाकिटावरच्या पत्त्यावर कंपनीला तीन प्रश्न विचारा. चाचणीची जनावरं पिंजऱ्यात राहतात की माणसांच्या घरी, मालकाच्या संमतीने? त्यांच्या अंगावर शस्त्र चालवलं जातं का? चाचणी संपल्यावर ती जातात कुठे? उत्तर नीट आलं तर घ्या, नाहीतर दुसरं पाकीट शोधा. घरातल्या एका जिवाचं पोट भरताना दुसऱ्या जिवाचे हाल होत नाहीत ना, एवढं पाहणं ही जयणाच आहे.